काटा पंचावन्नावर

“कुणी बॅटरी काढली होती का?” गॅरेजवाल्या मनुएलने विचारलं.

प्रश्न शाल्मलीला होता. मी गॅरेजच्या काचेआडच्या खोलीत, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला तो ऐकू आला. शाल्मलीने काय उत्तर दिलं ते मात्र कळलं नाही, कारण तेवढ्यात पलीकडच्या गाडीच्या चाकाचे नट सोडवायचं यंत्र तडतडायला लागलं. ती दोन-चार शब्दच बोलली. मनुएलने कपाळाला हात लावला, मान हलवली आणि हसला. ती हसली नाही.

माझं बोट पुस्तकातल्या ज्या ओळीवर होतं तिथेच राहिलं. बॅटरी मी काढली होती.

याला आता अकरा वर्षं होतील. आठवणीत आपण नंतर काही घातलं तर नाही ना, ही शंका मला प्रत्येक गोष्टीबद्दल येते, तशी इथेही येते. पण त्या तीन दिवसांचं मी वहीत टिपून ठेवलं होतं, त्यामुळे थोडा धीर आहे.

माझी पत्नी गेल्याच्या पुढच्या वर्षी माझ्या मुलाने, परागने, मला अमेरिकेला बोलावून घेतलं. ईशान्येकडचं डोंगराळ राज्य, लहानसं गाव, उतारावर लाकडी घर. मी पोचलो आणि तिसऱ्या आठवड्यात परागला त्याच्या कंपनीने सहा महिन्यांसाठी दूर दक्षिणेत पाठवलं. घरात उरलो मी आणि माझी सून. शाल्मली अकोल्याची. घरोघर जाऊन, हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं हे तिचं काम. मी कणकवलीकडचा, छत्तीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती तरी आम्ही दोघं सलग पाच वाक्यं बोललो नव्हतो. ती सातला जायची, सहाला यायची. “जेवलात?” “हो.” “गोळी?” “घेतली.” एवढ्यावर दिवस संपायचा. या घरात आपण जागा अडवणारी एक जास्तीची खुर्ची आहोत, असं मला वाटायचं.

ऑगस्टमध्ये तिची गाडी धुराच्या सरकारी तपासणीत नापास झाली. पुढच्या काचेवर लाल अक्षर चिकटवून साठ दिवसांची मुदत मिळाली. मनुएलने धूर शुद्ध करणारा भाग बदलला. पण तेवढ्याने काम भागत नव्हतं. ते त्याने मला सावकाश समजावून सांगितलं होतं. मी सारखा वाचत असतो म्हणून तो मला प्रोफेसर म्हणायचा. मी प्रोफेसर नाही हे सांगायला मला तीन भेटी लागल्या आणि सांगितल्यावरही त्याने ऐकलं नाही.

“प्रोफेसर, गाडीच्या आत आठ परीक्षक बसलेत असं समज. एक धुराकडे बघतो, एक पेट्रोलच्या वाफेकडे, एक अमुक, एक तमुक. दुरुस्ती केली की त्यांच्या वह्या कोऱ्या होतात. मग गाडी चालवत राहायची. प्रत्येक जण आपापली परीक्षा घेतो आणि मनासारखं झालं की हिरवा दिवा लावतो. सरकारचं यंत्र फक्त दिवे मोजतं. आठातला एक बाकी असला तर चालतो. दोन असले तर नाही.”

“लवकर करायला सांगता येत नाही?” मी विचारलं होतं.

“तिला?” तो गाडीला ‘ती’ म्हणायचा. “तिला कोण सांगणार? तिचं मन भरलं की ती लावते.”

दोन आठवडे शाल्मलीने गाडी जपून चालवली. गुरुवारी संध्याकाळी मनुएलने आपलं तळहाताएवढं यंत्र जोडून पाहिलं तेव्हा सात दिवे हिरवे होते. तपासणीचं मोठं यंत्र चारला बंद होई, म्हणून तो म्हणाला, उद्या सकाळी या. मुदत रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी आठपर्यंत काचेवरच्या नव्या शिक्क्याचा फोटो कंपनीला पाठवायचा, नाहीतर शाल्मलीचे सगळे पेशंट दुसऱ्यांना वाटून द्यायचे आणि तिला कामावरून कमी करायचं, असं तिच्या वरच्या बाईंनी लेखी कळवलं होतं. ते पत्र फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेलं होतं. पाणी प्यायला गेलं की दिसायचं.

तो गुरुवार खंडेनवमीचा होता.

वाचनालयात मी खंडेनवमीला तारखेचा शिक्का, पुठ्ठे कापायची सुरी आणि शिवणीचा दाभण पुसून मांडायचो. पण खरी खंडेनवमी माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. तो एसटीच्या डेपोत होता. त्या दिवशी प्रत्येक गाडीची बॅटरी उघडायची, टोकांवर जमलेली पांढरी बुरशी सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासायची, वरून व्हॅसलीन लावायचं आणि मग कुंकू. “आधी उणे सोडायचं, मग अधिक. लावताना उलटं,” हे अण्णाचं वाक्य मला पाठ होतं. यंत्राबद्दल मला येणारी ती एकमेव गोष्ट.

शाल्मली घरात फोनवर होती. उजेड होता अजून. मी परागच्या पेटीतला पाना घेतला, चहाच्या किटलीत पाणी तापवलं आणि अण्णाने केलं असतं तसं सगळं केलं. टोकं चकचकीत झाली. दारातल्या कुंडीतला शेवटचा झेंडू तोडला, दोऱ्याने बॅटरीच्या मुठीला बांधला, हळदकुंकू वाहिलं. तीन महिन्यांत प्रथमच मी त्या घरात काहीतरी उपयोगाचं केलं होतं. सांगायला मात्र गेलो नाही. तिच्या आपोआप लक्षात येईल, अशी माझी कल्पना.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी तिने गाडी सुरू केली, क्षणभर आत बसून राहिली, मग उतरून बॉनेट उघडलं. काच धुवायचं निळं पाणी घालायचं होतं. मी खिडकीतून बघत होतो. बॉनेट वर होतं तोवर तिचा चेहरा दिसला नाही. पाण्याला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागला. मग बॉनेट खाली आलं.

“चला बाबा,” ती म्हणाली.

फुलाबद्दल काही नाही. मला जरा वाईट वाटलं. रोजच्या धावपळीत लक्ष गेलं नसेल, अशी मी समजूत घातली.

आणि आता मनुएल तिला विचारत होता, कुणी बॅटरी काढली होती का.

ती काचेच्या खोलीत आली. “सगळं पुसलं गेलंय. आठही. पहिल्यापासून.”

“असं कसं झालं?” मी विचारलं. हा प्रश्न मी विचारला याची आजही लाज वाटते.

“होतं कधी कधी,” ती म्हणाली आणि किल्ली उचलली.

मी तोंड उघडलं होतं. पण मनुएल मागोमाग आला. त्याने ते लहान यंत्र तिच्या हातावर ठेवलं आणि एका पिवळ्या कागदावर लिहिलेली यादी दिली.

“आज चालवून फायदा नाही,” तो म्हणाला. “इंजिन रात्रभर पूर्ण गार व्हायला हवं. उद्या पहाटे निघा, लिहिलंय तसंच्या तसं करा. बऱ्याच गाड्या तीन-चार दिवस घेतात. काही एका सकाळीही करतात. मी बाराला बंद करतो. बाराच्या आत आलात तर मी आहे.”

त्या संध्याकाळी मी तीनदा तिच्यापर्यंत गेलो. एकदा ती भात लावत होती, एकदा पेशंटच्या नोंदी लिहीत होती. तिसऱ्यांदा ती वरच्या बाईंशी फोनवर बोलत होती. “हो, सोमवारी आठ. हो, माहीत आहे. डोरोथीला मात्र येत्या आठवड्यात कुणा नव्याकडे देऊ नका. ती खिडकीपर्यंत चालणार आहे, आम्ही ठरवलंय.” डोरोथी तिची एक्क्याऐंशी वर्षांची पेशंट होती, खुबा मोडलेली. मी दारातूनच परत फिरलो.

शनिवारी सहा वाजता गाडीच्या काचांवर दहिवर गोठलं होतं. शाल्मलीने ते खरवडलं. आम्ही आत बसलो.

“बाबा, तुम्ही वाचा,” तिने पिवळा कागद माझ्या हातात दिला. “मला रस्त्यावरून नजर काढता येणार नाही. आणि वेळही तुम्हीच बघा.”

गाडीतल्या घड्याळावर काहीतरीच आकडे होते. मी तिकडे पाहिलं.

“ते सोडा. तुमच्या मनगटावरचं बघा.”

माझं किल्लीचं घड्याळ. मी बाही वर केली. छत्तीस वर्षं मी लोकांना पुस्तकं दिली. मोठ्याने वाचून दाखव असं मला कुणी म्हटलं नव्हतं. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

“एक. गाडी सुरू करा. हीटर, पंखा, मागच्या काचेची तापणारी जाळी सगळं बंद. तीन मिनिटं जागेवर. हलू नका.”

आम्ही हललो नाही. मीही हललो नाही. त्याचा काही संबंध नव्हता तरी.

“दोन. सावकाश निघा. पेडलवर पाय अंड्यावर ठेवल्यासारखा.”

“असं लिहिलंय?”

“अंडं असंच लिहिलंय.”

ती किंचित हसली. गाडी निघाली. मांडीवरच्या यंत्रात आठ नारिंगी ठिपके लुकलुकत होते.

“तीन. मोठ्या रस्त्यावर ताशी पंचावन्न मैल. बारा मिनिटं. कमी नाही, जास्त नाही. चार. मग पाय काढून घ्या. ब्रेकला हात— पाय लावायचा नाही. गाडी आपोआप विसापर्यंत येऊ द्या. हे चारदा.”

नदीच्या वरच्या अंगाने जाणारा रस्ता तिने निवडला होता. त्या वेळी रहदारी नव्हती. अकरा मिनिटं झाली, मी मिनिटं मोजत होतो, आणि उजवीकडच्या झाडीतून एक हरिणी रस्त्यावर येऊन उभी राहिली. शाल्मलीने ब्रेक दाबला. हरिणीने आमच्याकडे पाहिलं, जणू पास विचारते आहे, आणि डौलात पलीकडे गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी.

“या ना बाई, अजून कुणी राहिलंय का घरी?” शाल्मली काचेतून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “काय करून राहिलो बाबा आपण इथे? अकोला कुठे, कणकवली कुठे.”

तिची माहेरची बोली मी प्रथमच ऐकली. मला हसू आलं, ते थांबेना. त्या हसण्याने आणि माझ्या थरमासमधल्या चहाने आतून काच धुरकटली. तिने पंख्याचं बटण फिरवलं, काच स्वच्छ झाली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला रस्ता पूर्ण मोकळा होता. काटा पंचावन्नावर आला आणि तिथे थांबला. मी पाहत राहिलो. रस्ता चढत होता, वळत होता, उतरत होता, तिचा पाय मुंगीच्या पावलाएवढा कमीजास्त होत असेल, पण काटा जागचा हलत नव्हता. रोज थरथरत्या म्हाताऱ्यांना धरून उभं करणारी ती बाई. हात स्टिअरिंगवर हलके, खांदे खाली, श्वास एकसारखा. एखादी गोष्ट इतकी नीट करता येते हे मी फक्त वाचलं होतं.

मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि खरं सांगायचं तर, आत्ता ती माझ्याकडे वळून बघू शकणार नाही, असाही एक भित्रा विचार त्यात होता.

“शाल्मली, बॅटरी मी काढली होती. खंडेनवमीला. घासून पुसून परत लावली. त्यानेच सगळं गेलं.”

मी काट्याकडे बघत होतो. आता तो हलेल. रागाने वर जाईल, नाहीतर पाय सुटून खाली येईल. काहीतरी होईलच.

काटा पंचावन्नावर होता.

“किती मिनिटं झाली?” तिने विचारलं.

“सात.”

“अजून पाच.”

ती पाच मिनिटं मी कशी काढली ते मला माहीत नाही. इतका ताबा माणसाचा माणसावर असू शकतो, याचं मला भय वाटलं. आपल्या नोकरीवर पाणी पडलंय, ते पाडणारा शेजारी बसलाय, आणि हिचा अंगठासुद्धा हलला नाही.

“बारा,” मी म्हणालो.

तिने पाय काढला.

समोर रस्ता नदीकडे लांबच लांब, अगदी जेमतेम उतरत होता. गाडीचा आवाज विरत गेला. दोन्ही बाजूंचे डोंगर लाल, केशरी, हळदीसारखे पिवळे झाले होते. झाडं आपलं सगळं असं एकदम दाखवतात हे मी चित्रात पाहून खोटं समजलो होतो. ऊन नुकतंच कड्यावरून खाली आलं होतं. गाडीला कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. आम्ही त्या रंगांच्या मधून नुसते वाहत होतो. पन्नास. पंचेचाळीस. चाळीस. मी मोठ्याने आकडे वाचायचे होते, ते विसरलो. तिनेही आठवण केली नाही.

तिसाच्या सुमाराला मांडीवरच्या यंत्रात एक ठिपका लुकलुकायचा थांबला आणि हिरवा झाला.

“लागला!” मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही.

“कोणता?”

“तिसरा. नाही, चौथा. थांब, चष्मा...”

“बाबा, कोणताही चालेल.”

आम्ही तो उतार पुन्हा पुन्हा चढलो आणि उतरलो. गावात जाऊन सिग्नलला थांबलो, निघालो, थांबलो. अकराला दहा कमी असताना सहा हिरवे होते. दोन नारिंगी. त्यातला एक पेट्रोलच्या वाफेचा. तो एवढं चालवल्यावर पुन्हा रात्रभर गाडी उभी राहिल्याशिवाय लागत नाही, असं मनुएलने लिहिलं होतं. म्हणजे दुसरा लागायलाच हवा होता. तो, धूर शुद्ध करणाऱ्या नव्या भागाचा परीक्षक, हटून बसला होता.

शाल्मलीने पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी थांबवली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. इंजिन सुरूच होतं.

“डोरोथी मला विचारते,” ती तशीच म्हणाली, “तू सोमवारी येशील ना. दर वेळी विचारते. मी म्हणते, येईन की. ती म्हणते, नाही, नक्की सांग, कारण मी तुझ्याशिवाय पाय उचलणार नाही. हट्टी आहे. तुमच्यासारखी.”

“मी हट्टी?” मी खरोखर चकित झालो.

“मग? ताप होता तर दोन दिवस सांगितलं नाही. पाणी हवं तर मागत नाही. मी घरी येईपर्यंत दिवा न लावता बसता. का, तर मला त्रास नको. याला काय म्हणतात?”

मी कागदाकडे पाहिलं. घाबरलो की मी छापलेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांकडे बघतो, ही माझी जुनी सवय. पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

“शाल्मली.”

“हं.”

“पहिल्या ओळीत लिहिलंय, पंखा बंद.”

“होता की बंद.”

“तेव्हा होता. हरिणींनंतर तू लावलास. काच धुरकटली म्हणून. तो अजून चालू आहे.” मग मला माझीच भीती वाटली. “त्याने काही फरक पडत असेल की नाही मला माहीत नाही. मी आपलं वाचून सांगितलं. माझं चुकतही असेल.”

तिने डोकं उचललं. बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंखा बंद केला. काच लगेच पांढरी होऊ लागली.

“खिडक्या उघडा,” ती म्हणाली. “चारी.”

त्या गारठ्यात, चारी खिडक्या उघड्या टाकून आम्ही परत नदीच्या रस्त्याला लागलो. वारा कानात शिरत होता. मी मफलर डोक्यावरून घेतला. तिने तिची शाल माझ्या मांडीवर ढकलली आणि मी ती त्या यंत्रावर पांघरली, म्हणजे फक्त दिवे उघडे राहतील अशी.

“यंत्राला थंडी नाही वाजत, बाबा!” ती वाऱ्यावरून ओरडली. “तुम्ही घ्या!”

पंचावन्न. बारा मिनिटं. काटा पुन्हा जागेवर. मग उतार. या वेळी मी रंगांकडे पाहिलं नाही. मी त्या एका नारिंगी ठिपक्याकडे बघत होतो. आत काय चाललं होतं देव जाणे. कुणी माणूस तिथे नव्हता. कुणाची ओळख चालत नव्हती, विनंती चालत नव्हती. काहीतरी आपणहून बघत होतं, मोजत होतं, पडताळत होतं, आणि ते पूर्ण होईपर्यंत हो म्हणणार नव्हतं. मी आयुष्यभर देवळात गेलो. इतक्या एकाग्रतेने कधी कुठे पाहिलं असेल असं वाटत नाही.

वेग बावीस मैलांवर आला तेव्हा तो ठिपका थांबला. हिरवा झाला.

यंत्र नुसतं उचलून तिच्या नजरेसमोर धरलं. तिने एकदाच पाहिलं. ब्रेकवर पाय ठेवला, त्या उतारावर पहिल्यांदा, आणि गाडी कडेला घेतली. तिचे डोळे भरले होते. ते वाऱ्यानेही असेल.

बाराला तेरा मिनिटं असताना आम्ही गॅरेजमध्ये पोचलो. मनुएलने घड्याळाकडे आणि मग आमच्या केसांकडे पाहिलं.

“समुद्रावर गेला होता काय?”

मी त्याला पंख्याचं सांगितलं. माझ्या तुटक इंग्रजीत, थोडं अभिमानाने. तो म्हणाला, पंख्याचा आणि त्या दिव्याचा बहुधा काही संबंध नसतो, आपण आपलं खात्रीसाठी लिहितो; तो लागायचा तेव्हाच लागला असेल. मी मान हलवली. तेही खरं असेल.

शाल्मली हात धुवायला आत गेली. मनुएलने सरकारी यंत्राची जाड वायर गाडीला जोडली. पडद्यावर एकामागून एक ओळी उमटल्या.

“पास,” तो म्हणाला. “प्रोफेसर, कप्प्यातून गाडीचे कागद काढून दे. आणि तुझ्या मुलीला सांग, परीक्षेच्या आदल्या दिवशी बॅटरी साफ करायची नसते. इतकी हुशार बाई, आणि काल मला म्हणते, मीच काढली होती, घाण झाली होती म्हणून!”

मी समोरचा कप्पा उघडला. कागद निळ्या पाकिटात होते. पाकिटाच्या वर पांढऱ्या कागदी रुमालाची व्यवस्थित घडी होती. ती माझ्या हाताला लागून उलगडली. आत झेंडू होता. एक पाकळीही न मोडता सोडवलेला, दोऱ्यासकट, देठाशी कुंकू. इंजिनाच्या तापाने जळू नये म्हणून काढून ठेवलेला.

शुक्रवारी सकाळी. निळं पाणी घालताना. गॅरेजला यायच्याही आधी.

आता मला कळलं, काटा का हलला नव्हता. मी तिला सांगितलं तेव्हा त्यात तिच्यासाठी काहीच नवीन नव्हतं. तिला आदल्या सकाळपासून माहीत होतं. तिने ते मनुएलला सांगितलं नाही, परागला सांगितलं नाही, आणि आपल्याला माहीत आहे हे मलाही कळू दिलं नाही. माझं मी सांगेपर्यंत ती थांबली होती.

“सापडले का कागद?” मनुएलने विचारलं.

मी त्याला निळं पाकीट दिलं. रुमालाची घडी होती तशी घातली, होती तिथे ठेवली आणि कप्पा लावला.

त्याने लाल अक्षर पात्याने खरवडून काढलं आणि त्या जागी नवा शिक्का चिकटवला. शाल्मली ओले हात पुसत आली. तिने फोटो काढला, तिथेच उभ्याने पाठवला आणि गाडीत येऊन बसली. मीही बसलो. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण मी बोललो असतो तर तिने ठेवलेली घडी मोडली असती.

गावाच्या सिग्नलला ती थांबली.

“बाबा, हे गाडीतलं घड्याळ परवापासून चुकतंय,” रस्त्याकडेच बघत ती म्हणाली. “लावता का तेवढं? ते डावीकडचं बटण दाबून धरा.”

मी चष्मा पुसला. बटण दाबून धरलं. आकडे भराभर पुढे जाऊ लागले, एक फेरा पूर्ण झाला, मी थोडा पुढे गेलो, पुन्हा फिरवून आणलं. शेवटी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून थांबलो. समोरच्या बँकेच्या दारावर मोठं घड्याळ होतं. ते एक मिनिट मागे होतं.

“एका मिनिटाचा फरक येतोय,” मी म्हणालो. “कोणतं बरोबर, कळत नाही.”

सिग्नल हिरवा झाला.

“तुमचंच लावा,” ती म्हणाली.